कोंबडीच्या पायाची खूण

इनॉक साइक्सचा कुणावर विश्वास नव्हता. दारात ठेवलेली दुधाची बाटली तो आधी उजेडाला धरायचा, मग हुंगायचा, मग थोडं दूध बशीत ओतून मांजरापुढं सरकवायचा. मांजरानं मिटक्या मारत ते संपवलं तरी 'ह्या जनावराला काय अक्कल' म्हणून पुन्हा बाटलीत नाक घालायचा. गॅसचा मीटर बघायला माणूस आला की हा त्याच्या टाचेला टाच लावून जिन्याखालपर्यंत जायचा, आणि तो गेल्यावर मीटर जागच्या जागी आहे ना ते बघून यायचा. वय एक्याऐंशी. ऑक्सनशॉच्या चढावर काळ्या पडलेल्या दगडी घरांची एक रांग आहे, तिच्या टोकाचं घर त्याचं. शेजारी म्हणायचे, म्हातारपणानं असा झालाय. तसं काही नाही. गडी चौदाव्या वर्षापासून असाच होता, कारण धंदाच तसला होता.

इनॉक थेटरात ऑपरेटर होता. पिक्चर आलं की आधी प्रत्येक रीळ हातानं गुंडाळायचं, आणि गुंडाळताना फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीतून सोडायच्या. कुठं जोड उकललाय, कुठं कडेचं भोक फाटलंय, ते चिमटीला कळलं पाहिजे. आधीच्या थेटरवाल्यानं नीट जोडलं असेल असं मानून चालणारा ऑपरेटर पहिल्याच खेळाला शिव्या खायचा. त्यात त्या काळची फिल्म म्हणजे दारूगोळा. ठिणगी पडली की फुस्सकन डब्याचा डबा जायचा, मग वर पाणी ओता नाहीतर वाळू. म्हणून मशीनच्या खोलीला लोखंडी झापडं, कोपऱ्यात वाळूच्या बादल्या, आणि ऑपरेटरचं नाक सदा वर. पुढं पन्नासच्या सुमाराला न पेटणारी फिल्म निघाली, तिच्या कडेला तसं छापलेलंच असायचं. पण नाकाला एकदा लागलेली सवय जाते होय? थेटर सदुसष्टला बंद पडलं, तिथं सतरंज्यांचं दुकान झालं, तरी इनॉक जाईल तिथं आधी हुंगायचा.

तर ह्या इनॉकच्या वाढदिवसाला, दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात, त्याची लेक ब्रेंडा आली. तिनं केक आणला होता आणि एक चपटी डबी.

"बाबा, बघा तरी काय गावलंय. आपल्या खोऱ्यातलं पिक्चर! 'फाटकवाला' म्हणून."

इनॉकनं डबी हातात घेतली नाही. "कुठं गावलं?"

"दुकानात."

"कुठल्या दुकानात? कोण इकत होतं?"

"बाबा, दुकान म्हणजे दुकान. एक बारकी कंपनी हाय, लोकं विसरून गेलेली आपल्याकडची जुनी पिक्चरं हुडकते आणि त्याच्या डीव्हीडी काढते. मागं ऑक्सनशॉचं नाव दिसलं, म्हणून घेतली. तुमच्याच थेटरात लागलं असंल की."

"तुला कुणी सांगितलं माझ्या थेटरात लागलं म्हनून?"

ब्रेंडानं वर आढ्याकडं बघितलं आणि केक कापायला घेतला.

ती गेल्यावर इनॉकनं चष्मा पुसला आणि डबीची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे पिक्चर कायमचं गेलं असं सगळे धरून चालले होते. जगात शिल्लक असलेल्या एकुलत्या एक प्रिंटवरून ही डीव्हीडी केली आहे. तिसऱ्या रिळातला काही सेकंदांचा भाग गहाळ आहे.

इनॉकच्या मनात पाल चुकचुकली. कारण त्याच्या माहितीप्रमाणं ती एकुलती एक प्रिंट तीस वर्षांपूर्वी जळून राख झाली होती. जाळायला त्यानंच सांगितलं होतं.

झालं होतं असं. चोपन्नच्या वसंतात लंडनहून पिक्चरवाले ऑक्सनशॉच्या रेल्वे फाटकावर तीन दिवस आले. पिक्चर बारकं, मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवतात तसलं, सव्वा तासाच्या आतलं. त्यांनी सगळ्या गावाला दोरीमागं उभं केलं. पण इनॉकचा बाप जेबेझ गाडीवान होता, आणि दोरी बघून थांबायची त्याला सवय नव्हती. त्याला बहिणीकडं कोंबडी पोचवायची होती. काखेत कोंबडी धरून तो कॅमेऱ्यासमोरून सरळ फाटक ओलांडून गेला, मध्येच कोंबडी ह्या काखेतून त्या काखेत घेतली, आणि पलीकडं झाला. लंडनवाल्यांना ते आवडलं की फिल्म वाया घालवायची नव्हती कोण जाणे, त्यांनी तो तुकडा ठेवला. अकरा सेकंद. दोन वर्षांनी जेबेझ वारला. त्याचा फोटो म्हणावा तर लग्नातला एक, त्यात तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा उभा आहे. चालणारा बाप फक्त त्या अकरा सेकंदांत.

पंचावन्नला पिक्चर इनॉकच्या थेटरात तीन दिवस लागलं. शनिवारी शेवटच्या खेळानंतर चार डबे पायरीवर ठेवायचे, गाडी येऊन उचलून न्यायची, अशी रीत. त्या शनिवारी पायरीवरच्या डब्यांत दुसऱ्याच कुठल्या तरी झिजक्या पिक्चरची रिळं होती, आणि 'फाटकवाला' इनॉकच्या जिन्याखाली कोळशामागं होतं. भलतीच रिळं आली म्हणून कंपनीचं पत्र आलं तेव्हा मॅनेजरनं विचारलं, डबे कुणी भरले? इनॉक म्हणाला, वॉल्टनं.

वॉल्ट क्रॅबट्री हा त्याच्या हाताखालचा दुसरा ऑपरेटर. वय बावीस, कान मोठे, बोलणं थोडं. खालच्या गावातल्या थेटरात त्याला मुख्य ऑपरेटर करायचं जवळजवळ ठरलं होतं. ते फिसकटलं. तीन वर्षं तो मागच्या खोलीत रिळं गुंडाळत बसला. रागावला नाही, भांडला नाही. इनॉकला तेव्हाही 'चीफ' म्हणायचा आणि पंचावन्नपासून आजपर्यंत 'चीफ'च म्हणत आला. दर मंगळवारी दुपारी इनॉकच्या स्वयंपाकघरात डोमिनो खेळायला यायचा, आणि सोंगटी चुकली की इनॉक ठरलेलं वाक्य टाकायचा, "नीट बघून ठिव लेका, त्या शनिवारी डबं ठिवलंस तसं नगं." वॉल्ट हसायचा. चोपन्न वर्षं असं चाललं होतं. खोटं इतकं जुनं झालं होतं की इनॉकला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं.

पुढं एकोणऐंशीला पलीकडच्या खोऱ्यात एका हौशी माणसाच्या घरावर धाड पडली. पोलिसांनी त्याची सगळी पिक्चरं गाडीत घालून नेली, का तर ती त्याची नव्हेत, कंपन्यांची. इनॉकनं ते ऐकलं आणि कोळसा बाजूला केला. त्यानं चारी डबे नातवाच्या जुन्या बाबागाडीत घातले, वर बटाट्याचं पोतं टाकलं, आणि टेकडीवर वॉल्टच्या जमिनीच्या तुकड्यावर नेले. वॉल्ट तिथं भाजी लावायचा आणि शर्यतीची कबुतरं पाळायचा.

"जाळून टाक," इनॉक म्हणाला. "मला सांगू बी नगंस."

आणि मागं न बघता उतरला. बापाचा तुकडा तेवढा कापून घ्यावा हे त्याला सुचलं, पण सुचलं ते खाली घरी पोचल्यावर. मंगळवारी वॉल्ट आला तेव्हा त्याच्या भुवया कमी दिसतात का, ते इनॉकनं निरखून बघितलं. वॉल्ट म्हणाला, "फुस्स झालं, चीफ. डोळं मिटायच्या आत." इनॉकनं मान हलवली. विषय संपला.

आता तो तीस वर्षं संपलेला विषय चपट्या डबीत घालून लेकीनं दिला होता.

त्यानं डीव्हीडी लावली. खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली की ब्रेंडा असती तर ओरडली असती. पिक्चर त्याला पाठ होतं, त्याचा डोळा पिक्चरवर नव्हताच. तो उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्याकडं बघत होता. एक रीळ संपत आलं की त्या कोपऱ्यात खूण येते. पहिली खूण दिसली की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरी दिसली की ह्या मशीनवरून त्या मशीनवर जायचं. कंपनीच्या खुणा असायच्या बारीक, तेवढ्यावर भरवसा कोण ठेवणार? मग जो तो ऑपरेटर आपली खूण फिल्मवर सुईनं कोरायचा. कुणाची फुली, कुणाचं टिंब. इनॉकची तीन रेघांची होती, कोंबडीच्या पायासारखी. बाप गाडी हाकून घरी कोंबड्याही पाळायचा, म्हणून.

सतराव्या मिनिटाला वरच्या कोपऱ्यात कोंबडीचा पाय उमटला आणि गेला.

इनॉकनं मागं नेऊन पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा बघितला. आईच्या रफूच्या सुईनं कोरलेला, मधलं बोट जरा वाकडं. म्हणजे हीच ती प्रिंट.

तिसऱ्या रिळाला त्यानं डोळा कोपऱ्यातून काढून चित्रावर लावला. फाटकवाला रस्त्याकडं बघतो. आता जेबेझ यायचा. आला नाही. चित्र एकदम उडालं आणि इंजिन धुरळा उडवत आलं. पण इंजिनाच्या तोंडावर, पाऊण सेकंदभर, एक कोंबडी ओरडली. 'क्वॅ' म्हणेपर्यंत तुटली.

दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळलं नसतं. पण फिल्मवर चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसतो, वीसएक चित्रं आधीच छापलेला असतो. चित्र कापून नेलं, तरी आवाजाची सुरुवात आधीच्या तुकड्यावर तशीच राहते. चोरानं बाप नेला होता आणि कोंबडीचं अर्धं ओरडणं मागं टाकलं होतं.

तो तुकडा त्यानं दहा-बारा वेळा बघितला असेल. जोड स्वच्छ होता. दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर बरोब्बर कापलेलं, ना झटका, ना पांढरा चमका. हौशी माणूस कात्री कुठंही घालतो. हे काम शिकलेल्या हाताचं. आणि असं कापायला त्या हाताला कुणी शिकवलं होतं?

रविवार आणि सोमवार इनॉकनं त्याच विचारात काढले. त्याला ब्रेंडाचाही संशय येऊन गेला. तिला त्यानं फोन करून विचारलं की ही डीव्हीडी तुला घ्यायला कुणी सांगितलं. "बाबा, औषध घेतलं का?" ती म्हणाली. मग मेलेल्या मॅनेजरचा संशय आला, पण मेलेल्या माणसानं एकोणऐंशीनंतर काय करायचं? फिरून फिरून एकाच मोठ्या कानाच्या माणसापाशी गाडी थांबायची. आणि तेव्हाच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'फाटकवाला' चोपन्नचं. न पेटणाऱ्या फिल्मवर छापलेलं, कडेची अक्षरं त्यानं शंभर वेळा बघितलेली. ती फिल्म फुस्स होतच नाही. ती धुमसते, गोळा होते, गुळासारखी पाघळते. वॉल्ट खोटं बोलला होता, आणि तेही जुन्या काळच्या ऑपरेटरसारखं. आणि इनॉकनं ते ऐकून घेतलं होतं, तेही जुन्या काळच्या ऑपरेटरसारखं. दोघांच्याही मनात फिल्म जळायची एकच रीत होती, लहानपणीच्या भीतीतली.

मंगळवारी वॉल्ट आला. टोपी खुंटीला अडकवली, चहा ओतला, चौथा चमचा साखर घातली.

"आज डोमिनो नगं," इनॉक म्हणाला.

"का? हरायचा कंटाळा आला?"

"वॉल्ट, एकोणऐंशीला ते जाळलंस, तवा कसं जळलं?"

वॉल्टचा चमचा कपात फिरत राहिला. "आं? फुस्स झालं की. सांगितलं न्हाई का तवाच."

"भुवया जळल्या तुझ्या?"

"थोड्या."

"कुठली? डावी का उजवी?"

"चीफ, तीस वर्सं झाली. भुवईचा हिसाब ठिवायचा असता तर लिहून ठिवली असती."

इनॉकनं काही न बोलता टीव्ही लावला. पडदा दिसेल अशी खुर्ची त्यानं वॉल्टसाठी आधीच मांडून ठेवली होती, आणि स्वतः बसला तो वॉल्टचं तोंड दिसेल असा. सतराव्या मिनिटाला कोंबडीचा पाय आला. वॉल्टचा चमचा थांबला.

"काय दिसलं?" इनॉकनं विचारलं.

"कुठं काय?"

"वरच्या कोपऱ्यात."

"कोंबडीचा पाय दिसतुया. जगात कोंबड्या लई हायत, चीफ."

"वाकडं बोट असलेली एकच हाय."

वॉल्टनं चमचा बशीत ठेवला. तिसऱ्या रिळात इंजिन आलं, कोंबडी ओरडली आणि तुटली. वॉल्ट उठला. चहा अर्धा राहिला होता. चोपन्न वर्षांत वॉल्टनं चहा टाकून दिलेला इनॉकनं बघितला नव्हता. "गुडघा दुखतुया," असं काहीसं पुटपुटत तो दाराबाहेर पडला, आणि टोपी खुंटीला तशीच राहिली.

इनॉकनं टोपी उतरवली, उलटी केली, झटकली, हुंगली. तंबाखू, कबुतरं आणि वॉल्टचं डोकं. पुन्हा अडकवली.

बुधवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला, आणि टेकडीवर वॉल्टच्या तुकड्यावरून धूर निघताना दिसला.

आता जाळतोय! खोटं तीस वर्षांनी खरं करतोय! इनॉकनं पायात होत्या त्या सपाताच ठेवल्या, काठी घेतली आणि चढाला लागला. आठ वर्षांत तो तिथं चढला नव्हता. दोनदा कुंपणाला धरून थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा एका बाईनं विचारलं, "काय झालं, साइक्सबाबा?" तर तो म्हणाला, "तुमास्नी काय करायचंय?"

वॉल्ट फावड्याला टेकून आगीपाशी उभा होता. इनॉकला बघून तो हलला नाही.

"टोपी आणलीस माझी?"

"टोपी खुंटीवरच हाय. आधी सांग, काय जाळतोयस?"

"बटाट्याचं वाळलं वेल."

इनॉकनं काठीनं आग उकरली. वेल होते, मुळं होती, एक फुटका डालगा होता. तो वाकून हुंगू लागला.

"हुंगून घे," वॉल्ट म्हणाला. "जीभ बी लाव."

"पिक्चर कुणाला इकलंस?"

"इकलं न्हाई. पंधरा वर्सं ह्याच खोपटात ठिवलं, कबुतरांच्या मक्यामागं. मग छप्पर गळाया लागलं, डब्यातनं शिरक्याचा वास सुटला. फिल्म सडायला लागली की सुटतो तो, तुला ठावं हाय. समुद्राकडची एक बाई व्हती, कबुतरंवाली, तिला असली पिक्चरं गोळा करायचं याड. ती म्हनाली, मी जपते. तिनं मला निळ्या कबुतरांची जोडी दिली."

"ती निळी जोडी?" इनॉकचा आवाज चढला. "जिच्यातल्या मादीनं फ्रान्सची शर्यत मारली?"

"तीच. तवा क्लबात माझ्याकडनं तीन ग्लास ढोसलंस तू. तिच्या नावानं गाणं बी म्हनलंस."

"माझ्या बापाच्या बदल्यात आणलेलं पाखरू!"

"बाप दिला न्हाई, चीफ. बाप कापून ठिवला, मग बाकीचं दिलं."

आगीत एक गाठ फुटली. खोपटात कबुतरं घुमत होती. इनॉकनं काठी जमिनीत रोवली.

"कुठाय?" तो म्हणाला.

वॉल्ट खोपटात गेला आणि तंबाखूची पत्र्याची डबी घेऊन आला. गंजू नये म्हणून तिला मेण लावलं होतं. इनॉकनं हात पुढं केला. वॉल्टनं झाकणावर अंगठा ठेवला.

"तू आणून दिलंस, त्याच आठवड्यात कापला. तुला द्यायला. दर मंगळवारी खिशात घालून यायचो. तू म्हनायचास, नीट बघून ठिव लेका, त्या शनिवारी डबं ठिवलंस तसं नगं. मग मी डबी घेऊन तसाच परत जायचो. वरीसभर आणली. मग आणायची सोडली."

इनॉकनं हात मागं घेतला.

"आता सांग," वॉल्ट म्हणाला. "त्या शनिवारी डब्यात दुसरी रिळं कुणी भरली?"

"तुला ठावं हाय की."

"मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. तुझ्या जिन्याखाली कोळसा आणाया मीच जात व्हतो न्हवं? पण तुझ्या तोंडनं मी अजून ऐकलं न्हाई."

इनॉकनं खोपटाकडं बघितलं, आगीकडं बघितलं, खाली गावाकडं बघितलं. तिथून सतरंज्यांच्या दुकानाचं छप्पर दिसतं. डबी मिळाल्याशिवाय बोलावं तर हा फसवेल. बोलल्याशिवाय डबी मिळायची नाही. आत काय आहे, काही आहे की नाही, कुणी बघितलंय? एक्याऐंशी वर्षांत तो अशा सौद्यात कधी सापडला नव्हता, जिथं विश्वास आधी टाकावा लागतो.

"म्या भरली," तो म्हणाला.

"कबुतरं घुमत्यात. ऐकू आलं न्हाई."

"म्या भरली! आन् तुझं नाव घातलं! झालं?"

वॉल्टनं अंगठा उचलला.

डबी उघडताच शिरक्याचा भपकारा नाकात गेला. आत फिल्मची गुंडाळी, आक्रसलेली, कडा वळलेल्या, कुरडईसारखी कडक. मशीनवर ही आता कधीच चालायची नाही हे इनॉकला बघताक्षणी कळलं. तो पालथ्या बादलीवर बसला, आणि आधी डोळ्यांनी नाही बघितलं. आधी कडा चिमटीत धरून हळूहळू सोडल्या. एक टोक सरळ कापलेलं, मध्ये एक जोड, दुसरं टोक सरळ कापलेलं. मग एक चित्र आभाळापुढं धरलं. वॉल्टनं आपला चष्मा काढून दिला, तो इनॉकनं आपल्या चष्म्यावर धरून भिंगासारखा वापरला.

तांदळाच्या दाण्याएवढा जेबेझ साइक्स फाटकातून येत होता. काखेत कोंबडी. कुणाकडं बघत नव्हता.

इनॉकनं पुढचं चित्र धरलं, मग त्याच्या पुढचं. वॉल्टनं मध्येच आगीवर फावडं मारलं. मग इनॉक मोजायला लागला.

"काय मोजतोयस?"

"अकरा सेकंद. सेकंदाला चोवीस. दोनशे चौसष्ट पायजेत."

"मोज. मला बटाटं काढायचं हायत."

वॉल्टनं एक सरी काढली. दुसरी काढत आला तेव्हा इनॉकनं हाक मारली, "दोनशे एकसष्ट हायत."

"बरोबर."

"तीन कमी हायत!"

"तीन वर्सं मागच्या खोलीत रिळं गुंडाळली म्या, चीफ. वर्साला एक ठिवून घेतलं."

इनॉक उठला. "कुठली तीन?"

"कोंबडी ह्या काखंतनं त्या काखंत जाते, ती."

इनॉकनं गुंडाळीतला मधला जोड चाचपला. अकरा सेकंदांतली तीच तर जागा. "कुठायत ती?"

"टोपीत. अस्तराखाली." वॉल्टनं बटाटा झटकून पोत्यात टाकला. "तुझ्या खुंटीवर."

उतरताना इनॉक कुठंही थांबला नाही. घरी आला, दार लावून घेतलं, कडी बघितली. टोपी काढून मांडीवर घेतली आणि अस्तरावरून अंगठा आणि बोट फिरवलं. काल हुंगताना जे नाकाला कळलं नव्हतं ते चिमटीला लगेच कळलं: कपाळाच्या बाजूला, शिवणीच्या आत, दोन बोटांएवढी कडक पट्टी. टाके बारीक होते. चार टाके उसवले की काम होतं. पुन्हा शिवलं तर वॉल्टला, त्याच्या डोळ्यांना, कळलंही नसतं.

रफूची सुई त्यानं डब्यातून काढली. कोंबडीचा पाय कोरलेली तीच, आईची. मांडीवर टोपी, हातात सुई, असा तो चहा गार होईपर्यंत बसला. मग सुई डब्यात ठेवली, टोपी खुंटीला अडकवली, आणि ती खुंटी दिसू नये म्हणून खुर्ची फिरवून बसला.

पुढच्या मंगळवारी वॉल्ट येईल का नाही, हा संशय त्याला सहा दिवस पुरला. दुपारी दोनला दार वाजलं. वॉल्ट आत आला, उघड्या डोक्यानं, कान थंडीनं लाल. चहाकडं बघितलं नाही, डोमिनोकडं बघितलं नाही. सरळ खुंटीपाशी गेला, टोपी उतरवली, उलटी केली, आणि कपाळाच्या बाजूच्या शिवणीवरून चिमटी फिरवली. डावीकडून उजवीकडं, मग उजवीकडून डावीकडं, मशीनच्या खोलीत इनॉकनंच शिकवली होती तशी.

इनॉक सोंगट्या मांडत होता. "मोजून घे," तो म्हणाला. "हितं चोर राहत्यात."

वॉल्टनं टोपी पुन्हा खुंटीला अडकवली आणि खुर्ची ओढली. पहिली सोंगटी त्यानं टाकली ती चुकीची. इनॉकनं ती बघितली. तोंड उघडलं, मिटलं, आणि आपली सोंगटी शेजारी लावली.